कायद्याचं दार आणि अनपेक्षित पाहुणे : डेन्मार्कमधल्या मॉर्मनांची गोष्ट



आजचा विषय वाचून काहींच्या कपाळावर आठी आली असेल, याची आम्हाला कल्पना आहे. मॉर्मन हा पंथ अमेरिकेतला, डेन्मार्क हा युरोपातला एवढासा देश, आणि ऐकणारे आपण मराठी माणसं. यात आपलं काय? पुण्याचा एक छोटासा धागा या कथेत आहे, तो योग्य वेळी येईल. पण विषय निवडण्याचं ते कारण नाही. कारण असं की, धर्मस्वातंत्र्याचा कायदा करताना कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कुणीतरी एक माणूस असतो. शांत, सोशिक, थोडा वेगळा, पण आपल्यातलाच. आणि दार उघडल्यावर आत येतो तो भलताच कुणीतरी. मग त्या कायद्याचं काय होतं, आणि कायदा करणाऱ्या समाजाचं काय होतं? हा प्रश्न डेन्मार्कला १८५० मध्ये पडला. फार लवकर पडला, कारण राज्यघटनेवरची शाई वाळायच्या आत पडला.

आधी थोडी पार्श्वभूमी. मॉर्मन हे नाव इतरांनी दिलेलं. पंथाचं स्वतःचं नाव बरंच लांब आहे, त्याचा अर्थ साधारण ‘अखेरच्या दिवसांतल्या संतांचं येशू ख्रिस्ताचं चर्च’ असा. १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ या तरुणानं त्याची स्थापना केली. देवदूतानं दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरचा मजकूर आपण ईश्वरी साहाय्यानं भाषांतरित केला, असं त्याचं म्हणणं. तो ग्रंथ म्हणजे ‘बुक ऑफ मॉर्मन’. खरं ख्रिस्ती चर्च प्रेषितांच्या काळानंतर नष्ट झालं आणि आता ते पुन्हा स्थापन झालं आहे, हा या पंथाचा मुख्य दावा. शेजाऱ्यांशी संघर्ष होत राहिले. १८४४ मध्ये इलिनॉय राज्यात जमावानं जोसेफ स्मिथला तुरुंगातच ठार केलं. मग ब्रिगहॅम यंगच्या नेतृत्वाखाली ही मंडळी पश्चिमेकडे निघाली आणि १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात, आजच्या युटामध्ये, जाऊन बसली. त्या पहिल्या तुकडीत हान्स क्रिस्तियान हान्सन नावाचा एक डॅनिश खलाशी होता. तो फिडल वाजवायचा. त्याचा भाऊ पेटर, त्याची गाठ आपल्याला पुढे पडणार आहे.

आता डेन्मार्ककडे येऊ. १८५० च्या सुमाराला या देशाची लोकसंख्या होती सुमारे १४ लाख. १६६० पासून तिथे अनियंत्रित राजेशाही. राजाचा धर्म लुथरन, म्हणून प्रजेचा धर्म लुथरन. मूल जन्मलं की त्याचा बाप्तिस्मा झालाच पाहिजे. १७३६ पासून चौदा-पंधराव्या वर्षी धर्मदीक्षा पक्की करून घेणं, ज्याला ते कन्फर्मेशन म्हणतात, तेही सक्तीचं. त्याशिवाय मुलगा मोठ्यांच्या जगात जमा होत नसे. १७४१ च्या एका फर्मानानं पाळकाच्या देखरेखीवाचून धार्मिक सभा भरवायलाही बंदी होती. म्हणजे बघा, चार शेतकरी संध्याकाळी एकत्र बसून बायबल वाचू लागले, तरी तो गुन्हा ठरू शकत होता.

आणि ते वाचत होते! इथे एक गंमत आहे. १८१४ च्या कायद्यानं सरकारनंच शिक्षण सक्तीचं केलं. हेतू असा की प्रजेनं प्रश्नोत्तरी वाचावी, स्तोत्रं म्हणावीत आणि आज्ञाधारक राहावं. पण वाचायला शिकवलेला माणूस पुढे काय वाचेल हे शिकवणाऱ्याच्या हातात राहत नाही. खेड्यापाड्यांत सामान्य माणसांच्या भक्तिसभा भरू लागल्या. पाळक फार बुद्धिवादी झाला, त्याच्या प्रवचनात ओलावा उरला नाही, अशी यांची तक्रार. दंड झाले, तुरुंगवास झाले, सभा थांबल्या नाहीत.

मग १८३९ मध्ये कोपनहेगनला बाप्टिस्टांची पहिली मंडळी स्थापन झाली. बाप्टिस्टांचं म्हणणं साधं होतं : तान्ह्या बाळाला श्रद्धा असू शकत नाही, मग त्याला बाप्तिस्मा कसला? मोठं होऊन, समजून उमजून ज्याला घ्यायचा त्यानं घ्यावा. आता हे मान्य केलं तर सगळ्या देशाचाच बाप्तिस्मा रद्द होतो. शीलंडचे बिशप मिन्स्टर हे डॅनिश चर्चमधलं सर्वांत वजनदार नाव. त्यांच्या आग्रहावरून बाप्टिस्टांच्या मुलांना सक्तीनं बाप्तिस्मा देण्याचे आदेश निघाले. पोलीस घरी यायचे, आईच्या हातातून मूल घ्यायचे आणि चर्चमध्ये न्यायचे.

इथे आमच्या कथेचा नायक प्रवेश करतो. नायक म्हणावं की नाही ते तुम्ही शेवटी ठरवा. पेटर क्रिस्तियान किर्केगार्द. आडनाव ऐकून तुम्ही सावरून बसला असाल. बरोबर आहे, सोरेन किर्केगार्दचे ते थोरले भाऊ. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी धाकट्या भावावर वर्षंच्या वर्षं घालवतो आणि थोरल्याला एका तळटीपेत उरकतो. पेटर सोऱ्योजवळच्या पेडर्सबोर्ग गावात पाळक होते. बाप्टिस्टांच्या मुलांना सक्तीनं बाप्तिस्मा देण्याचा हुकूम त्यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी तो पाळायला नकार दिला. लक्षात घ्या, बाप्टिस्टांची मतं त्यांना अजिबात मान्य नव्हती. मतं चुकीची आहेत, पण म्हणून पोलिसांच्या हातून संस्कार करणं हे संस्काराचीच विटंबना करणं आहे, अशी त्यांची भूमिका. नोकरी जायची वेळ आली, पण ते हटले नाहीत.

असे वाद चालू असताना १८४८ आलं. युरोपभर उठाव, डेन्मार्कमध्ये मात्र जवळजवळ शांततेनं सत्तांतर. सातव्या फ्रेडरिकनं अनियंत्रित सत्ता सोडली आणि ५ जून १८४९ रोजी राज्यघटनेवर सही केली. लुथरन चर्च हे ‘लोकांचं चर्च’ म्हणून राहील, सरकार त्याला आधार देईल. पण नागरिकांना आपापल्या श्रद्धेप्रमाणे ईश्वराची उपासना करण्यासाठी एकत्र येण्याचा हक्क असेल. अट एकच : नीतीला किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधक असं काही शिकवता किंवा करता येणार नाही. शिवाय श्रद्धेच्या कारणावरून कुणाचे नागरी हक्क काढून घेता येणार नाहीत.

ही कलमं लिहिताना कुणाचा चेहरा डोळ्यांसमोर होता? बाप्टिस्टांचा. कॅथलिक, ज्यू, रिफॉर्म्ड मंडळी यांचा. म्हणजे ओळखीच्या वेगळ्यांचा. अमेरिकेच्या वाळवंटातून कुणी येईल आणि नवा धर्मग्रंथ घेऊन येईल, असं त्या सभागृहात बसलेल्या एकाच्याही स्वप्नात आलं नसणार.

आणि १८४९ च्याच ऑक्टोबरमध्ये सॉल्ट लेकहून एरास्टस स्नो निघाले. मूळचे व्हर्माँटचे, वय तिशीच्या आसपास, पंथाच्या बारा प्रेषितांपैकी एक. त्यांच्याबरोबर डाइक्स, मूळचे स्वीडिश फोर्सग्रेन, आणि आपले पेटर हान्सन. हान्सन काही आठवडे आधी पोचले. जन्मगावी परतलेल्या या माणसाचं बापानंही धड स्वागत केलं नाही. १४ जून १८५० रोजी स्नो कोपनहेगनला उतरले. घटनेला एक वर्ष आणि नऊ दिवस झाले होते.

ते सर्वांत आधी कुणाकडे गेले, तर बाप्टिस्टांकडे. हे साहजिकच होतं. ज्यांनी लहानपणीचा बाप्तिस्मा आधीच नाकारला आहे, त्यांना पुढचं पाऊल टाकायला सांगणं सोपं. १२ ऑगस्ट १८५० रोजी ऑरसुंडच्या सामुद्रधुनीत पहिल्या १५ जणांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांतले बरेच बाप्टिस्ट मंडळीतले होते. ज्यांच्यासाठी दार उघडलं होतं, त्यांच्याच घरातली माणसं नवे पाहुणे घेऊन गेले. सप्टेंबरमध्ये कोपनहेगनला आणि नोव्हेंबरमध्ये युटलंडच्या उत्तरेला ऑलबोर्गला शाखा स्थापन झाली. १८५१ मध्ये ‘बुक ऑफ मॉर्मन’ डॅनिशमध्ये छापून निघालं. इंग्रजीबाहेर या ग्रंथाची निघालेली ही पहिली आवृत्ती. फ्रेंच नाही, जर्मन नाही, डॅनिश. त्याच वर्षी ‘स्कँडिनेव्हियाचा तारा’ या नावाचं त्यांचं नियतकालिक सुरू झालं.

आता शेजारी बघा. स्वीडनमध्ये फोर्सग्रेन आपल्या गावी गेले, थोडा प्रचार केला, अटक झाली आणि देशाबाहेर काढले गेले. नॉर्वेमध्ये १८४५ चा एक सहिष्णुतेचा कायदा होता, पण तो ख्रिस्ती पंथांसाठी. १८५३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की मॉर्मन हे त्या कायद्याच्या अर्थानं ख्रिस्तीच नव्हेत. विषय संपला! डेन्मार्कच्या घटनेनं ‘ख्रिस्ती कोण’ हा प्रश्न विचारलाच नव्हता, ‘नागरिक कोण’ एवढाच विचारला होता. कायद्यातल्या एका शब्दानं केवढा फरक पडतो, याचं आम्हाला हे नेहमी उत्तम उदाहरण वाटत आलं आहे. पुढे स्कँडिनेव्हियातल्या मॉर्मन धर्मांतरितांत सुमारे निम्मे एकट्या डेन्मार्कचे निघाले.

पण थांबा. घटनेनं हक्क दिला याचा अर्थ गावानं दिला असं नाही. ऑलबोर्गमध्ये आणि इतरत्र मॉर्मनांच्या सभा उधळल्या गेल्या, खिडक्यांच्या काचा फुटल्या, प्रचारकांना मारहाण झाली. मालकानं कामावरून काढलं, घरमालकानं जागा सोडायला सांगितली, अशी उदाहरणं त्या काळातल्या दैनंदिन्यांत आणि पत्रांत ठायी ठायी सापडतात. पोलीस काही वेळा उशिरा पोचत आणि काही वेळा मार खाणाऱ्यालाच सभा बंद करायला सांगत. ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हा शब्द घटनेत होता ना! सुव्यवस्था बिघडवली दगड मारणाऱ्यानं, पण ती बिघडली कुणामुळे, असा उलटा सवाल करता येतो. हा युक्तिवाद आपल्याला अनोळखी नाही.

हळूहळू कायदा घटनेच्या मागून चालत आला. १८५१ मध्ये मान्यताप्राप्त पंथांबाहेरच्या लोकांसाठी नोंदणी विवाहाची सोय झाली. १८५७ मध्ये सक्तीचा बाप्तिस्मा रद्द झाला. म्हणजे घटनेनंतर आठ वर्षं! मूळ हक्क आणि त्याची अंमलबजावणी यांच्यात अशी आठ-आठ वर्षं जातात, आणि त्या वर्षांत जी माणसं जगतात त्यांचं आयुष्य तेवढंच असतं.

या पंथात गेलं तरी कोण? विद्वान नाहीत, जमीनदार नाहीत, सरकारी अधिकारी नाहीत. कोपनहेगनचे कारागीर गेले, आणि त्याहून जास्त गेले ते युटलंडचे, विशेषतः उत्तरेकडच्या व्हेंडसिसेलचे अल्पभूधारक. झोपडीभोवती चार गुंठ्यांचा तुकडा आणि बाकी मजुरी. चर्चमध्ये यांची जागा मागच्या बाकावर. विरोधकांनी लगेच निदान केलं : अमेरिकेच्या जमिनीची हाव. आम्हाला हे निदान अर्धवट वाटतं. जमीनच हवी असती तर पुढच्या दशकांत लाखो डॅनिश गेले तसं धर्म न बदलता विस्कॉन्सिन किंवा नेब्रास्काला जाता आलं असतं. लोकांच्या शिव्या खाऊन, आईबापांशी संबंध तोडून, खाऱ्या सरोवराकाठच्या वैराण मुलखात कशाला जायचं?

त्यांना मिळालं ते आणखी काही होतं. मॉर्मन मंडळीत पगारी पाळक नव्हता. कालचा चांभार आज उपदेशक होत होता. चांभाराच्या डोक्यावर हात ठेवून त्याला सांगितलं जाई, आता तुला पौरोहित्याचा अधिकार आहे, जा, पुढच्या परगण्यात प्रचार कर. मागच्या बाकावरच्या माणसाला कुणीतरी पहिल्यांदा पुढे बोलावलं होतं. आपल्याकडे वारकरी परंपरेत फडावर उभ्या राहिलेल्या सामान्य माणसाच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

आणि आता आम्हाला जो योगायोग फार महत्त्वाचा वाटतो, तो सांगतो. १८५४ च्या जानेवारीत बिशप मिन्स्टर वारले. त्यांना ‘सत्याचा साक्षीदार’ म्हटलं गेलं, आणि त्या शब्दांवरून वर्षअखेरीला सोरेन किर्केगार्दनं डॅनिश चर्चवर आपला प्रसिद्ध हल्ला चढवला. त्याचं म्हणणं काय होतं? जन्मानं कुणी ख्रिस्ती होत नाही. सरकारनं पगार देऊन पाळक नेमले, दाखल्यावर शिक्का मारला, म्हणून देश ख्रिस्ती होत नाही. जिथे सगळेच ख्रिस्ती आहेत तिथे कुणीच ख्रिस्ती नाही. आता पाहा, कोपनहेगनच्या सुशिक्षित वाचकाला सोरेन जे सांगत होता, त्याचाच अर्धा भाग त्याच महिन्यांत मॉर्मन प्रचारक युटलंडच्या झोपड्यांत सांगत होते : तुमचा लहानपणीचा बाप्तिस्मा फुकट आहे, तुमचं चर्च हे चर्चच नाही. उरलेला अर्धा भाग मात्र अगदी उलट. सोरेन माणसाला ईश्वरासमोर एकटं उभं करतो. मॉर्मन त्याला समूहात घेतात, पद देतात, प्रवासाचं तिकीट देतात. एकटेपण पेलणारी माणसं कोणत्याही देशात थोडीच असतात.

सोरेन नोव्हेंबर १८५५ मध्ये गेला. थोरला भाऊ पेटर काय करत होता? आपल्या परगण्यात मॉर्मन आले आहेत हे कळल्यावर त्यांनी पोलिसांना बोलावलं नाही. ते स्वतः त्यांच्या सभेत गेले. पाळक, विद्वान, जर्मन विद्यापीठांत वादपटू म्हणून नाव कमावलेला माणूस सुताराच्या किंवा गिरणीवाल्याच्या घरच्या सभेत जाऊन बसतो, ऐकतो आणि उभं राहून उत्तर देतो. मग १८५५ मध्ये त्यांनी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्या नावाचा अर्थ आहे ‘मॉर्मनपंथाविषयी आणि त्याविरुद्ध’. आधी ‘विषयी’, मग ‘विरुद्ध’. हा क्रम महत्त्वाचा. त्या काळात मॉर्मनांवर लिहिणाऱ्या बहुतेकांनी पहिला भाग गाळूनच टाकला होता. पुढे पेटर ऑलबोर्गचे बिशप झाले, म्हणजे नेमके मॉर्मन जिथे सर्वाधिक पसरले होते त्या प्रांताचे.

विरोधकांच्या बाजूनंही बोललं पाहिजे, नाहीतर हे व्याख्यान एकांगी होईल. ऑगस्ट १८५२ मध्ये सॉल्ट लेकला जाहीर करण्यात आलं की बहुपत्नीत्व हा पंथाचा अधिकृत आचार आहे. आधी ते गुपित होतं. म्हणजे १८५० आणि १८५१ मध्ये ज्या डॅनिश बायकांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांना हे सांगितलेलंच नव्हतं. ही गोष्ट लहान नाही. संमती देताना ज्याला संमती देतो ते पुरतं माहीत असावं लागतं. काहींनी पंथ सोडला, बहुतेक राहिले. डेन्मार्कमध्ये बाजारात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्यांत मॉर्मन हा आता बायका पळवणारा झाला. ही प्रतिमा इतकी टिकली की १९११ मध्ये ऑगस्ट ब्लोम या दिग्दर्शकानं नॉर्डिस्क कंपनीसाठी ‘मॉर्मनांचा बळी’ अशा अर्थाच्या नावाचा मूकपट काढला. देखणा प्रचारक कोपनहेगनच्या मुलीला फूस लावून युटाला नेतो, अशी कथा. चित्रपट खूप चालला. युटाच्या गव्हर्नरनं अमेरिकेतल्या प्रदर्शनावर आक्षेप घेतला. बहुपत्नीत्व तर पंथानं १८९० मध्येच अधिकृतपणे थांबवलं होतं.

आता मुख्य घटना. ही माणसं निघाली. मॉर्मन शिकवणुकीत तेव्हा ‘एकत्र जमणं’ हे धर्मकर्तव्य होतं. संतांनी बॅबिलोन सोडून सियोनला जायचं. बॅबिलोन म्हणजे उरलेलं सगळं जग, सियोन म्हणजे युटा. शाखांमधून आठवड्याला थोडे थोडे पैसे साठवले जात. पंथाचा एक निधी होता, तो प्रवासासाठी उसने पैसे देई. तिथे पोचून कष्ट करून ते फेडायचे.

२० डिसेंबर १८५२ रोजी फोर्सग्रेन यांच्याबरोबर सुमारे तीनशे जण कोपनहेगनच्या बंदरातून निघाले. धक्क्यावर शिव्या देणारे होते आणि रडणारेही होते. बोटीनं कील, तिथून हँबर्ग, मग उत्तर समुद्र ओलांडून इंग्लंडचं हल, रेल्वेनं लिव्हरपूल. जानेवारीत ‘फॉरेस्ट मोनार्क’ या शिडाच्या जहाजातून अटलांटिक. मार्चमध्ये न्यू ऑर्लिन्स. मिसिसिपी नदीतून आगबोटीनं वर, आणि मग बैलगाड्यांनी गवताळ मैदानं आणि डोंगर. सॉल्ट लेक दिसलं ते ३० सप्टेंबर १८५३ ला. नऊ महिने आणि दहा दिवस. वाटेत मृत्यू झाले, बाळंतपणंही झाली.

पुढे खर्च वाचवण्यासाठी बैलगाडीऐवजी हातगाडी आली. माणसानंच ओढायची. १८५६ मध्ये विली यांच्या तुकडीत बरेच डॅनिश होते. निघायला उशीर झाला आणि ऑक्टोबरमध्ये वायोमिंगच्या पठारावर हिमवर्षावानं गाठलं. साठांहून अधिक माणसं मेली. पुढाऱ्यांच्या घाईची किंमत श्रद्धाळूंनी मोजली, हे पंथाच्या इतिहासकारांनीही नाकारलेलं नाही.

पोचलेल्यांपैकी पुष्कळांना सॅनपीटच्या खोऱ्यात पाठवलं गेलं. तिथल्या स्प्रिंग सिटी गावाला लोक ‘छोटं डेन्मार्क’ म्हणू लागले. शेजारच्या एफ्रेममध्ये हान्स, पेटर, क्रिस्तियान, सोरेन एवढे झाले की टोपणनावांवाचून कुणाची ओळख पटेना. आपल्याकडे एकाच गावात चार दत्तू पाटील असले की जे होतं, तेच. ही जमीन मात्र रिकामी नव्हती. तिथे यूट आदिवासी राहत होते आणि १८५३ मध्येच वसाहतवाल्यांशी त्यांचा सशस्त्र संघर्ष पेटला. डेन्मार्कमध्ये ज्यांना कुणी जागा देत नव्हतं, त्यांनी इथे दुसऱ्यांच्या जागेवर घरं बांधली. आणि आम्हाला नाही वाटत की त्यांतल्या अनेकांना हा विरोधाभास जाणवला असेल.

शतक संपेपर्यंत दहा हजारांहून खूप अधिक डॅनिश मॉर्मन निघून गेले. युटामध्ये परदेशात जन्मलेल्या लोकांत ब्रिटिशांच्या खालोखाल डॅनिशच. त्यांतली तीन माणसं सांगून पुढे जाऊ.

पहिला कार्ल क्रिस्तियान आन्टोन क्रिस्तेन्सन. कोपनहेगनचा गरीब मुलगा, तिथल्या राजकीय कला अकादमीत शिकलेला. १८५० मध्येच पंथात आला, १८५७ मध्ये हातगाडी ओढत युटाला गेला. पुढे त्यानं पंथाच्या छळाची आणि स्थलांतराची प्रचंड चित्रं कापडावर रंगवली, एकमेकांना शिवली, गुंडाळली आणि गावोगाव फिरून ती उलगडत लोकांना कथा सांगितली. आपल्या चित्रकथी परंपरेची आठवण यावी असाच प्रकार. दुसरे आन्टोन लुंड, ऑलबोर्गचे. १८६२ मध्ये गेले आणि १९०१ मध्ये पंथाच्या सर्वोच्च तीन जणांच्या अध्यक्षमंडळात पोचले.

तिसरी गोष्ट एका आईची. माउंट रशमोरवर अमेरिकेच्या अध्यक्षांचे चेहरे कोरणारा शिल्पकार गट्झन बोर्ग्लम १८६७ मध्ये आयडाहोत एका डॅनिश मॉर्मन घरात जन्मला. वडिलांना दोन बायका, सख्ख्या बहिणी. पुढे वडिलांनी पंथ सोडून नेब्रास्काला जायचं ठरवलं. तिथे दोन बायका चालणार नव्हत्या. तेव्हा गट्झनची आई, धाकटी बायको, घरातून बाहेर पडली आणि मुलं बहिणीकडे राहिली. डोंगरावर साठ फुटांचे चेहरे कोरणाऱ्या माणसाच्या घरकथेतून आईचा चेहरा असा पुसला गेला. धर्मस्वातंत्र्याची चर्चा करताना आपण संसद, न्यायालय, बिशप यांच्याविषयी बोलतो. त्या बाईविषयीही बोलायला हवं. पंथात जाताना निर्णय कुणाचा होता, आणि पंथ सोडताना कुणाचा?

आता पुण्याचा धागा. स्नो कोपनहेगनमध्ये होते त्याच सुमाराला, १८५२ मध्ये, ह्यू फिंडले हे स्कॉटिश मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरले आणि पुढे पुण्याला आले. पुण्यात त्यांनी मूठभर माणसांची एक शाखाही स्थापन केली. पण छावणीच्या अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, मुंबईच्या पाळकांनी आणि वृत्तपत्रांनी विरोध केला, आणि १८५५-५६ पर्यंत हे सगळे प्रचारक परत गेले. तोच ग्रंथ, तीच वर्षं. फरकाची कारणं अनेक आहेत, भाषा आणि धर्म ही तर उघडच. पण एक कारण विसरू नये. कोपनहेगनच्या चांभाराच्या हातात घटनेचं एक कलम होतं. पुण्याच्या छावणीत होती ती फक्त साहेबाची मर्जी.

शेवटी डेन्मार्कमध्ये उरलं काय? पंथ वाढत होता आणि रिकामा होत होता. शाखा उभी राहायची, तिच्यातली खंबीर माणसं दोन-तीन वर्षांत बोटीवर चढायची, मागे म्हातारे आणि कर्जबाजारी उरायचे. विसाव्या शतकात नेत्यांनी सांगायला सुरुवात केली की आता तुमच्या देशातच राहा. १९३१ मध्ये फ्रेडरिक्सबेर्गला प्रार्थनागृह झालं. त्याचंच रूपांतर करून २००४ मध्ये कोपनहेगनचं मॉर्मन मंदिर झालं. आज सुमारे ६० लाखांच्या देशात मॉर्मन आहेत चार-साडेचार हजार. दगड कुणी मारत नाही. खरं सांगायचं तर कुणाचं लक्षही नसतं, आणि सहिष्णुता व बेपर्वाई यांतला फरक ओळखणं अशा वेळी अवघड होतं.

एक शेवटची गोष्ट. बिशप मिन्स्टर ज्या कॅथेड्रलमध्ये प्रवचन करत, तिथे थोर्वाल्डसन या डॅनिश शिल्पकाराचा संगमरवरी ख्रिस्त आहे, हात पसरून उभा. त्याची प्रतिकृती विसाव्या शतकात मॉर्मनांनी सॉल्ट लेकला नेली, आणि २०२० मध्ये त्या शिल्पाची आकृती जगभरच्या मॉर्मन चर्चच्या अधिकृत चिन्हात आली. मिन्स्टरना हे कळलं असतं तर काय वाटलं असतं, कुणास ठाऊक.

आम्हाला मात्र या सगळ्यात आठवत राहतो तो सभेत मागे येऊन बसलेला पेटर किर्केगार्द. त्याला मॉर्मन चुकीचे वाटत होते आणि तसं त्यानं लिहिलं. बाप्टिस्टही चुकीचे वाटत होते, तरी त्यांच्या मुलांना हात लावायला त्यानं नकार दिला होता. भावाइतकी प्रतिभा त्याच्यापाशी नव्हती. पण आपल्याला मान्य नसलेल्या माणसाच्या घरी जाऊन त्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं आणि मग त्याच्या तोंडावर नाही म्हणायचं, हे त्याला जमत होतं. आपल्यापैकी किती जणांनी हे शेवटचं कधी केलं होतं, ते आपलं आपण आठवून पाहू या.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.